उंदराचे विष घुबडापर्यंत पोचू नये म्हणून

शेतात, घरात किंवा सोसायटीच्या आवारात उंदरासाठी विष ठेवले की काम झाले असे बहुतेकांना वाटते. पण विष खाल्लेला उंदीर दरवेळी बिळातच पडून राहत नाही. त्याला गव्हाणी घुबड उचलते, कापशी घार उचलते, धामण गिळते, मांजर खाते आणि विष त्यांच्या पोटात जाते. उंदराची मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्ले देते, त्यामुळे उरलेल्या थोड्या उंदरांपासून काही महिन्यांत पुन्हा तेवढीच फौज उभी राहते. घुबडाची, सापाची किंवा रानमांजराची संख्या अशी भरून येत नाही. विषाचा खर्च आपला, मेलेला राखणदार आपला आणि उंदीर पुन्हा आहेतच, असा हा व्यवहार होतो.

म्हणून पुढची सगळी पद्धत एका क्रमाने मांडली आहे. आधी उंदराचे अन्न, आसरा आणि वाट तोडायची, मग सापळे लावायचे, घुबडांना जागा करून द्यायची. विष सर्वांत शेवटी, तेही मोजून आणि बिळाच्या आत.

कोणते विष काय करते

दुकानात सगळ्यालाच "उंदराचे औषध" म्हणतात, पण पुडीवरचे घटकाचे नाव वाचल्याशिवाय काहीच विकत घेऊ नका. प्रत्येकाची मारण्याची रीत वेगळी आहे आणि धोकाही वेगळा आहे.

निळ्या-हिरव्या वड्या किंवा मेणाचे ठोकळे मिळतात, त्यांत बहुधा ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोन असते. हे रक्त गोठू न देणारे विष. शरीर 'के' जीवनसत्त्व पुन्हा पुन्हा वापरून रक्त गोठवणारे घटक बनवत असते, हे विष तो पुनर्वापरच बंद पाडते. आधीचे घटक संपेपर्यंत तीन-चार दिवस काहीच दिसत नाही, त्यानंतर आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. या गटातले पहिले औषध वॉरफरिन, ते १९४८ च्या सुमारास उंदरांसाठी बाजारात आले. दहा-बारा वर्षांतच ते पचवणारे उंदीर स्कॉटलंडमध्ये सापडले. मग जास्त जहाल आणि शरीरात जास्त काळ टिकणारी औषधे निघाली, त्यांना दुसऱ्या पिढीची विषे म्हणतात, ब्रोमॅडिओलोन त्यांपैकी एक. ते यकृतात महिनोन्‌महिने राहते.

खरी अडचण त्या तीन-चार दिवसांत आहे. एका रात्रीत पुरेसे विष पोटात गेले तरी उंदराला ते कळत नाही. तो दुसऱ्या, तिसऱ्या रात्रीही तेच खातो आणि मरेपर्यंत त्याच्या अंगात गरजेच्या कितीतरी पट विष साठते. शेवटच्या दिवसांत तो सुस्त होतो, दिवसाही उघड्यावर येतो, धावत नाही. शिकाऱ्याला यापेक्षा सोपी शिकार मिळत नाही. घुबडाने असे उंदीर अधूनमधून खाल्ले तरी प्रत्येकातले विष त्याच्या यकृतात साठत जाते. पुढे पंखाला साधी जखम झाली तरी रक्त थांबत नाही.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयातून २ फेब्रुवारी २०२३ ला सुटलेले फ्लॅको नावाचे घुबड वर्षभर शहरात मोकळे राहिले, उंदीर-कबुतरे खाऊन जगले आणि २३ फेब्रुवारी २०२४ ला मेले. शवविच्छेदनात त्याच्या अंगात याच गटातली चार वेगवेगळी विषे सापडली, जोडीला कबुतरांकडून आलेला विषाणू. ब्रिटनमध्ये मेलेल्या गव्हाणी घुबडांची यकृते दरवर्षी तपासतात. त्यांतल्या बहुसंख्य यकृतांत ही विषे थोडी तरी मिळतातच. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा करून या दुसऱ्या पिढीच्या विषांचे बहुतेक वापर २०२१ पासून थांबवले. गव्हाणी घुबड आपल्याकडच्या पडक्या वाड्यांत, पाण्याच्या टाकीखाली आणि साखर कारखान्यांच्या गोदामांतही राहते. यकृताचे रसायन तिकडचे आणि इकडचे सारखेच.

"हे औषध खाल्लेला उंदीर पाणी शोधत बाहेर जातो आणि बाहेरच मरतो" असे दुकानदार हमखास सांगतात. ते खरे नाही. बरेचसे उंदीर माळ्यावर, छताच्या पोकळीत, भिंतीच्या भेगेत मरतात. आठवडाभर वास येतो आणि मेलेला उंदीर काढताही येत नाही.

झिंक फॉस्फाईडची काळी-करडी पूड जठरातल्या आम्लाशी मिळून फॉस्फीन वायू सोडते आणि उंदीर काही तासांत मरतो. मांसात ते साठत नाही, त्यामुळे खाणाऱ्याला धोका ब्रोमॅडिओलोनपेक्षा कमी. पण उंदराच्या पोटात न विरघळलेली पूड राहते, ती कुत्र्या-मांजराला बाधू शकते. याचा मोठा फटका दाणे खाणाऱ्या पाखरांना बसतो. बांधावर पसरलेले विषारी दाणे मोर, तितर, होला, चिमणी वेचतात आणि तिथेच पडतात. याला उतारा नाही.

पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट घरात आणूच नका. ती पोटात गेली की सुरुवातीला उलट्या होतात, मग एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो आणि त्यानंतर यकृत निकामी होते. यालाही उतारा नाही. धान्यात टाकायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक तज्ज्ञांपुरत्याच आहेत. त्या बिळात टाकल्या तर नाग, धामण, घोरपड, बेडूक, जे आत असेल ते सगळे मरते, आणि खोलीत वापरल्या तर भिंतीपलीकडचे शेजारी. काही ठिकाणी फोरेट या कीटकनाशकाचे दाणे भाताच्या गोळ्यात घालून ठेवतात. फोरेटवर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुने डबे घरात पडून असतील तरी ते या कामाला काढू नका. मोर मेल्याच्या बातम्यांमागे बऱ्याचदा असले दाणेच असतात.

गटारात तारेने लोंबकळवलेल्या ठोकळ्यांबद्दल एवढेच: पाऊस आला, पाणी चढले की ते विरघळत, तुटत वाहून जातात. जर्मनीत गटारांत अशीच आमिषे बांधत, तिथे नदीतल्या माशांच्या यकृतात ही विषे सापडली. मुंबई-ठाण्यात जुलैमध्ये गटारांचे काय होते ते सांगायला नको.

आधी पाहणी

तुमच्याकडे खरोखर उंदीरच आहे का ते बघा. रात्री भिंतीच्या कडेने चिकचिक आवाज करत पळणारा, लांब टोकदार नाकाचा, बारीक डोळ्यांचा, उग्र वासाचा प्राणी चिचुंद्री असतो. तो कुरतडत नाही, झुरळे आणि किडे खातो. त्याला मारण्यात काहीच फायदा नाही. घरातल्या बारक्या उंदराची लेंडी तांदळाच्या दाण्याहून लहान, मोठ्या उंदराची अर्धा इंच किंवा जास्त. भिंतीच्या कडेला तेलकट काळा पट्टा दिसला तर ती त्याची रोजची वाट. सापळा तिथेच लावायचा.

शेतात सगळी बिळे मोजण्यात अर्थ नसतो, निम्मी मोकळी असतात. संध्याकाळी शिवारातल्या प्रत्येक बिळाचे तोंड ओल्या मातीने बंद करा. सकाळी जी उघडलेली दिसतील ती जिवंत बिळे. त्यांच्याजवळ काठी रोवा, पुढचे सगळे काम तेवढ्यावरच. तोंडाशी ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग असेल तर बहुधा घुशीच्या जातीचा उंदीर. टाकलेली कात, गुळगुळीत तोंड असे काही दिसले तर आत साप किंवा घोरपड असण्याची शक्यता आहे. ते बीळ सोडून द्या. आतला साप तुमचेच काम करतो आहे.

घर आणि सोसायटी

बारका उंदीर ६ मिलिमीटरच्या फटीतून आत येतो, मोठा १२ मिलिमीटरच्या. पेन्सिल जिथे जाते तिथे उंदीर जातो असे धरा. दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी, मोरीच्या तोंडाला आणि झरोक्यांना ६ मिलिमीटरची वेल्डेड जाळी. पाइप जिथे भिंतीतून आत येतो तिथली भगदाडे नुसत्या सिमेंटने बुजवली तर उंदीर ती ओली असतानाच उकरतो, म्हणून आत भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट भरा. प्लॅस्टिकची जाळी आणि फोम यांचा उपयोग नाही, दोन रात्रीत कुरतडले जातात. फटी बुजवण्याआधी आतले उंदीर सापळ्याने काढा, नाहीतर ते आतच कोंडले जातात आणि नव्या वाटा पाडतात.

धान्य पत्र्याच्या कोठीत, जमिनीपासून वर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. कणगी वापरत असाल तर तिचे पाय किमान तीन फुटांचे हवेत आणि प्रत्येक पायाला उलट्या नरसाळ्यासारखा पत्रा. कुत्र्याचे उरलेले खाणे, कोंबड्यांचे खाद्य आणि कबुतरांना टाकलेले दाणे रात्री उचला. सोसायटीत उंदीर वाढण्याचे कारण विचाराल तर बहुतेक ठिकाणी कबुतरांचे दाणे आणि रात्रभर उघडा पडलेला ओला कचरा ही दोनच उत्तरे मिळतात. तो कचरा झाकणाच्या डब्यात गेला आणि सकाळी वेळेवर उचलला गेला की अर्धे काम झाले.

पेस्ट कंट्रोलचे कंत्राट देताना समितीने चार गोष्टी लेखी घ्याव्यात. कोणता घटक, किती ठिकाणी, त्या जागांचा नकाशा आणि मेलेले उंदीर रोज कोण उचलणार. कीटकनाशक कायदा १९६८ खालचा परवाना पाहावा. गटारात ठोकळे बांधायचे नाहीत आणि गोंदाचे पुठ्ठे लावायचे नाहीत हेही करारात घाला. गोंदावर उंदरापेक्षा पाली, चिमण्या, लहान साप आणि कधी तिथे अडकलेल्या किड्यांना टिपायला आलेला पिंगळा (लहान घुबड) चिकटतो. चिकटलेला जीव तास न्‌ तास तडफडत राहतो. मुंबई महापालिका आजही रात्रपाळीच्या मूषक संहारकांना हातात बॅटरी आणि काठी देऊन गल्लीबोळांत पाठवते. एवढ्या मोठ्या शहरातही विषाशिवायचे हे काम चालते.

सापळे

सगळ्यांत जास्त चूक इथे होते. एक पिंजरा आणतात, एक उंदीर सापडतो, मग आठवडाभर काहीच नाही आणि "सापळ्याचा उपयोग नाही" असे ठरवून विष आणतात. उंदीर नव्या वस्तूला घाबरतो. त्याला उलटी करता येत नाही, म्हणून तो अनोळखी खाणे आधी चाखून बघतो आणि वाट पाहतो. त्याला दोन-तीन रात्री सवय लागू द्यावी लागते.

साध्या चापाने काम लवकर होते आणि उंदीर लगेच मरतो. घरासाठी सहा ते आठ चाप एकदम आणा. मोठ्या उंदराला मोठा चाप, बारक्याला लहान, अदलाबदल केली तर एक निसटतो आणि दुसरा अर्धमेला होतो. चाप भिंतीला काटकोनात ठेवा, आमिषाची बाजू भिंतीकडे. मोठ्या उंदरांसाठी दोन चापांत सात-आठ फूट, बारक्यांसाठी तीन-चार फूट. पहिल्या दोन रात्री चाप न ओढता नुसते आमिष ठेवा: भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा, सुकट, भजे, तेल लावलेली चपाती. उंदीर खाऊन जाऊ लागले की तिसऱ्या रात्री सगळे चाप एकदम ओढा. आमिष दोऱ्याने बांधा, नुसते ठेवले तर हलकेच उचलून नेतात. तीन-चार रात्रींत बहुतेक उंदीर सापडतात. मग चाप उचलून ठेवा, महिनाभराने पुन्हा लावा. सतत लावून ठेवले तर उरलेले हुशार होतात.

अंगणात, गोठ्यात किंवा बागेत चाप उघडा ठेवू नका. लाकडी खोक्यात किंवा सहा इंची पाइपच्या तुकड्यात ठेवून दोन्ही तोंडे दोन इंचांपर्यंत लहान करा, म्हणजे मुंगूस, कोंबडी, मांजर आत जाणार नाही. खार मात्र त्या तोंडातूनही जाते, आणि ती दिवसा फिरते. म्हणून सूर्य उगवला की चाप बंद, मावळल्यावर उघडा. हातमोजे घाला. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि पावसाळ्यात पायाला भेगा असतील तर तो धोका आणखी वाढतो. लेंड्या कोरड्या झाडू नका, ब्लिचिंगचे पाणी शिंपडून दहा मिनिटांनी पुसून घ्या.

पिंजऱ्यात पकडलेला उंदीर लांब नेऊन सोडणे ही दया नाही. तो दुसऱ्याच्या घरात जातो किंवा अनोळखी जागी उपाशी मरतो.

शेत आणि बाग

एकट्याने केलेले नियंत्रण टिकत नाही. तुमची बिळे रिकामी झाली की शेजारच्या बांधावरचे उंदीर काही दिवसांत ती भरतात. म्हणून वाडीने किंवा किमान एका ओढ्यालगतच्या सगळ्या शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात काम करावे. वेळ मे अखेर ते जूनची सुरुवात: शेत मोकळे, खाणे कमी, पिल्लेही कमी. दुसरी वेळ खरीप काढल्यावर आणि रब्बीच्या पेरणीआधी. पीक पोटरीत आल्यावर जाग आली तर उशीर झाला. उंदराला समोर एवढे खाणे असते की तो आमिषाकडे बघतही नाही.

रुंद बांध हे उंदरांचे गाव असते. भातशेतीत बांधाची रुंदी फूटभर ठेवली तर बीळ धरत नाही. लोळलेला ऊस लवकर काढा. पाचट जाळू नका, ते जमिनीला हवे आहे, फक्त बांधालगतचा दोन-तीन फुटांचा पट्टा उघडा ठेवा म्हणजे घुबडाला उंदीर दिसतो. जिवंत बिळे उकरून काढणे ही मेहनतीची पण खात्रीची रीत. सगळी तोंडे शोधून एक सोडून बाकी बंद करा आणि त्या एका तोंडाकडून खणत जा. बऱ्याचदा एक तोंड पातळ मातीने झाकलेले असते, तिथूनच उंदीर निसटतो, ते आधी शोधा. रायगड-ठाण्यात कातकरी लोक हे काम पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. भात कापल्यावर ते बिळे उकरून उंदीर खायला नेतात. अशा शिवारात विष टाकणे म्हणजे माणसाच्या ताटात विष घालणे. टाकलेच असेल तर त्यांना तोंडी, स्पष्ट शब्दांत सांगा. बोर्ड लावून भागत नाही.

कोकणात नारळाला जमिनीपासून दोन मीटरवर ४० सेंटिमीटर रुंदीचा गुळगुळीत पत्रा खोडाभोवती घट्ट गुंडाळा. उंदीर त्यावरून चढू शकत नाही. पत्रा असूनही कोवळे नारळ कुरतडलेले पडत असतील तर वर बघा: शेजारच्या माडाच्या झावळ्या एकमेकींना टेकलेल्या असतात आणि उंदीर वरूनच येत-जात असतो. दाट बागेत पत्रा एका माडाला लावून उपयोग नाही, झावळ्या एकमेकींत गुंतलेल्या सगळ्या माडांना लावावा लागतो. शेंडा साफ ठेवा, तिथल्या काथ्यात उंदराची घरटी असतात.

घुबडासाठी जागा

इस्रायलमधल्या स्दे एलियाहू या किबुत्झवर (सामूहिक शेती करणाऱ्या वस्तीवर) १९८३ मध्ये शेतात घुबडांसाठी पेट्या लावायला सुरुवात झाली. पुढे जॉर्डन आणि पॅलेस्टिनी भागातले शेतकरीही त्यात आले. मलेशियात तेलमाडाच्या मळ्यांत हेच करतात, आणि तिथे एक धडा मिळाला: ज्या मळ्यांत दुसऱ्या पिढीची विषे वापरली तिथली घुबडे झपाट्याने कमी झाली. त्यामुळे पहिली अट हीच. आजूबाजूच्या शेतांत विष चालू असताना पेटी लावणे म्हणजे घुबडाला बोलावून मारणे. आधी शेजाऱ्यांशी बोला.

सोपी सुरुवात पक्षीथांब्यांपासून करा. आठ ते दहा फुटी बांबूवर दीड-दोन फुटी आडवी खडबडीत काठी, एकरी चार-पाच. लोखंडी पाइप नको, उन्हात तापतो. दिवसा त्यावर कापशी घार, कोतवाल बसतात, रात्री घुबड आणि पिंगळा. ज्वारी-गव्हात दाणे भरू लागले की थांबे काढून घ्या, नाहीतर त्यांवर दाणे खाणारी पाखरे बसतील.

गव्हाणी घुबडाच्या पेटीसाठी १२ मिलिमीटरचे पाणी सहन करणारे प्लायवूड घ्या. तळ ६० × ४० सेंटिमीटर, उंची ६५. तोंड १३ × १३ सेंटिमीटर, आणि त्याची खालची कड तळापासून किमान ४५ सेंटिमीटर वर. हे माप चुकवू नका, तोंड खाली घेतले तर उडता न येणारी पिल्ले बाहेर पडतात आणि कुत्र्यांच्या तोंडी जातात. तळाला ८ मिलिमीटरची पाच-सहा भोके, वरच्या कडेला हवेसाठी तेवढीच, छप्पर पुढे चार बोटे आलेले. चार-पाच मीटर उंचीवर, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. पश्चिमेला केले तर दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही आत. खांबाला पत्रा गुंडाळा, मांजर चढते. आत गवत-पेंढा घालू नका. घुबड स्वतःच उलटून टाकलेल्या गोळ्यांचा थर करते. मुक्कामी यायला वर्षही लागू शकते, तोवर सारखे उघडून बघू नका.

त्या गोळ्या मात्र उचलून बघण्यासारख्या असतात. घुबड हाडे आणि केस पचवत नाही, अंगठ्याएवढी काळपट गोळी करून ओकते. हातमोजे घालून ती कोमट पाण्यात भिजवा आणि चिमट्याने सोडवा. आत अख्ख्या कवट्या मिळतात. पुढचे पिवळट-नारिंगी लांब दात आणि त्यांच्यामागे मोकळी जागा दिसली तर तो उंदीर. टोकदार दातांची सलग रांग असेल तर चिचुंद्री. एका गोळीत बऱ्याचदा दोन-तीन कवट्या असतात. घुबड अशुभ म्हणून पेटीला विरोध करणाऱ्यासमोर ही गोळी सोडवून दाखवा, बोलायची फारशी गरज पडत नाही. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीत इला फाउंडेशनने २०१८ मध्ये घुबड महोत्सव सुरू केला, तिथे शाळेतली मुलेच घुबडाची बाजू मांडतात.

विष वापरावेच लागले तर

शेतात: फक्त झिंक फॉस्फाईड, फक्त जिवंत बिळात. दोन-तीन दिवस आधी बिनविषाचे आमिष द्या (भरड्याला थोडे तेल चोळून), नाहीतर उंदीर चाखून सोडतो आणि पुढे ते खातच नाही. मग ९६० ग्रॅम ज्वारीचा किंवा गव्हाचा भरडा, २० ग्रॅम गोडेतेल, २० ग्रॅम झिंक फॉस्फाईड. मोकळ्या हवेत, हातमोजे आणि मास्क घालून, काठीने कालवा. हे भांडे पुन्हा कशालाही वापरू नका. पाणी घालू नका आणि ओल्या जमिनीत वापरू नका, ओलाव्याने वायू आधीच सुटतो. १० ग्रॅमची कागदी पुडी काठीने हातभर आत सरकवा आणि बिळाचे तोंड मातीने बंद करा. बाहेर सांडलेला एकेक दाणा वेचा. लगेच दुसऱ्यांदा हेच विष देऊ नका, वाचलेले उंदीर ते ओळखतात. उरलेली बिळे उकरा.

घरात किंवा गोदामात, सापळे हरल्यावरच, ब्रोमॅडिओलोनची वडी. तीही कुलपाच्या आमिषपेटीत, आत तारेने अडकवलेली, पेटी भिंतीला स्क्रूने बसवलेली. तारीख लिहा, दर दोन-तीन दिवसांनी बघा, पंधरा दिवसांनी खाल्ली-न-खाल्ली सगळी उचला. "असू दे, राहील" म्हणून वर्षभर ठेवलेल्या वड्यांमुळेच झुरळांपासून पिंगळ्यापर्यंत सगळ्यांना थोडे थोडे विष मिळत राहते.

दोन्ही बाबतींत पुढचे किमान दहा दिवस रोज पहाटे, घारी-कावळे उठायच्या आत, परिसर फिरून मेलेले आणि सुस्त उंदीर उचला. विहिरी-ओढ्यापासून लांब दोन फूट खोल पुरा, वर दगड ठेवा. उकिरड्यावर टाकलेला उंदीर आधी कुत्रा शोधतो.

बाधा झाली तर

दिवसा जमिनीवर बसलेले, पंख सैल सोडलेले, उडत नसलेले, चोचीच्या कडेला रक्त असलेले घुबड किंवा घार दिसली तर टॉवेलने झाकून उचला. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मेलेला पक्षीही पुरून टाकू नका, यकृताची तपासणी झाली तर कारण कळते. नुसते कावळ्यांनी टोचा मारून बेजार केलेले घुबड असेल तर ते उडू शकते, त्याला संध्याकाळपर्यंत आडोसा पुरतो.

कुत्र्याने ब्रोमॅडिओलोनची वडी खाल्ली तर लक्षणांची वाट पाहू नका. हिरड्या पांढुरक्या पडणे, खोकला, थकवा हे तीन-चार दिवसांनी दिसते आणि तोवर उशीर होतो. पुडीचे वेष्टण घेऊन त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा. 'के१' जीवनसत्त्व हा खात्रीचा उतारा आहे, पण तो बहुधा तीन-चार आठवडे द्यावा लागतो. कुत्रा आठवड्यात टुणटुणीत दिसला म्हणून गोळ्या बंद केल्या की रक्तस्राव परत सुरू होतो. झिंक फॉस्फाईड असेल तर खाणे-दूध काही देऊ नका, जठरातले आम्ल वाढून वायू जास्त सुटतो. गाडीच्या काचा उघड्या ठेवा, त्याच्या उलटीतला वायू माणसालाही बाधतो.

माणसाच्या पोटात गेले तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका. १०८ ला फोन करा, वेष्टण सोबत न्या. दिल्लीच्या एम्समधले विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर डॉक्टरांनाही मार्गदर्शन करते. पिवळ्या फॉस्फरसच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी बरे वाटते म्हणून रुग्णाला घरी आणू नका.

उरलेली पूड किंवा वड्या संडासात, विहिरीत, ओढ्यात टाकायच्या नाहीत आणि जाळायच्याही नाहीत. मूळ वेष्टणात, दुसऱ्या घट्ट डब्यात बंद करून वर "विष" लिहा, मुलांच्या हाताला येणार नाही अशा कुलपात ठेवा. शहरात हा घरगुती घातक कचरा धरतात, तो सुका-ओला कचऱ्यापासून वेगळा पालिकेकडे द्या. गावात कृषी सेवा केंद्राला परत घ्यायला सांगा, नाही म्हणाले तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे विचारा. पुढच्या वेळी लागेल तेवढेच आणा, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.